ताडपत्रीखालचा बर्फ

अख्ख्या हिवाळ्यात रेलीनला आजीकडे जायला एक दिवस सापडला नाही. नाताळात येते म्हणाली, मग फेब्रुवारीत, मग मार्चच्या सुट्टीत. शेवटी निघाली ती एप्रिल संपता संपता, परीक्षेला तीन दिवस उरल्यावर. दोन तास गाडी हाकताना बाईसाहेबांचं लक्ष फक्त घड्याळाकडे होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन उघडी पडली होती, ते काही तिने पाहिलं नाही.

विद्यापीठात तिचा मुख्य विषय जीवशास्त्र. जोडीला आदिवासी अभ्यासाचा मायनर, म्हणजे सहा पेपरांचा दुय्यम विषय. पाच झाले होते. सहाव्यात लिहायचं काही नव्हतं. आपल्या घरातल्या थोरांकडून एक जुनी गोष्ट ऐकायची आणि नाबिगॉन मॅडमना तोंडी सांगायची, एवढंच. मॅडम स्वतः ओजिब्वे या आदिवासी जमातीच्या, रेलीनसारख्याच. पुस्तकातून उचललेली गोष्ट त्यांना पहिल्या दोन वाक्यांत कळायची. हा पेपर बुडाला तर मायनर नाही, आणि मायनर नाही तर सप्टेंबरपासून गावच्या शाळेत ठरलेली नोकरीही नाही.

आजी स्वयंपाकघरात मासे साफ करत बसली होती. नाव फिलोमीन, नात्याने रेलीनच्या आईची मावशी, पण सगळं गाव तिला नूको म्हणजे आजीच म्हणायचं.

"कोण गं तू?" नूकोने मान वर न करता विचारलं.

"मी रेलीन, नूको."

"असं होय. रेलीन नाताळात येणार होती. म्हटलं रस्ता चुकली की काय."

रेलीनने लाल फडक्यात बांधलेली तंबाखू टेबलावर ठेवली. थोरांकडे काही मागायचं तर आधी तंबाखू द्यायची. त्यांनी ती हातात घेतली की मागणं कबूल. नूकोने हात पुढे केला नाही.

"काय हवंय?"

"गोष्ट. मी लहान असताना सांगायचीस ना, तसली एखादी."

नूकोने सुरीचं टोक खिडकीकडे केलं. "बाहेर काय दिसतंय?"

बाहेर चिखल होता आणि पिवळं पडलेलं गवत. पाणथळीत बेडूक गळा काढून ओरडत होते.

या गोष्टी सांगायच्या त्या जमिनीवर बर्फ असतानाच. बर्फ गेला की बेडूक जागे होतात, साप जागे होतात. तेव्हा कुणी गोष्ट सांगितली तर ते ऐकतात आणि सांगणाऱ्याच्या अंथरुणात येऊन बसतात. रेलीनला हे ठाऊक नव्हतं असं नाही. दुसऱ्या पेपरात तिने याच नियमावर बारा पानं लिहून नव्वद गुण मिळवले होते. अशी ही हुशार मुलगी.

"एकदाच, नूको. हळू आवाजात."

"अंथरुणात साप आला तर तुझ्या मॅडम येणार का काढायला?"

"मग त्यांना सांगू काय मी?"

"सांग की, माझी आजी हिवाळाभर घरीच होती."

यावर रेलीनला रडूच फुटलं. नोकरी गेली हे दुःख होतंच. पण नूको चौऱ्याऐंशी वर्षांची होती, आणि तीन वेळा आपली वाट बघत याच खिडकीशी बसली असणार, हे पोरीला आत्ता सुचत होतं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"रडून झालं की शेडमागून लाकडं आण," नूको म्हणाली. "शेगडी विझत चाललीय."

शेडमागे ऊन कधी येत नसे. तिथे दगडांनी दाबलेली एक निळी ताडपत्री होती. लाकडं हिच्याखाली असतील म्हणून रेलीनने दगड बाजूला करून ताडपत्री ओढली. खाली लाकडाचा भुसा निघाला, वीतभर जाड. तिने हात घातला आणि चटकन मागे घेतला. बोटं गारठली होती. तिने दोन्ही हातांनी भुसा उपसला. आत खाटेएवढा बर्फ होता, मळका, दगडासारखा घट्ट.

"नूको!"

"ओरडू नकोस, बेडूक ऐकतील." नूको मागेच उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात लाल फडकं.

"हे... हे कधी केलंस?"

"मार्चमध्येही आली नाहीस तेव्हा. तुझा मामा म्हणाला, म्हातारीला खूळ लागलं. मग भुसा त्यालाच आणायला लावला. आमच्या लहानपणी तळ्यातला बर्फ असाच ऑगस्टपर्यंत टिकवायचे."

"पण असं चालतं?"

"जमिनीवर बर्फ आहे की नाही?"

"आहे."

"मग झालं तर. पैसे भरून वाद घालायला शिकवतात वाटतं तिकडे."

रेलीनचा जीव भांड्यात पडला. रडता रडता ती हसायला लागली आणि आतून स्टूल आणायला धावली. नूको बसली, दोन्ही बूट बर्फावर टेकवले, चिमूटभर तंबाखू जमिनीवर वाहिली आणि खालच्या आवाजात सुरुवात केली. गोष्ट दोनदा सांगितली, तिसऱ्यांदा रेलीनकडून वदवून घेतली. तोवर बर्फाच्या कडा ठिबकायला लागल्या होत्या.

गुरुवारी रेलीनने कागद न घेता गोष्ट सांगितली. मॅडमनी चष्मा काढला.

"गोष्ट अस्सल आहे. कधी ऐकलीस?"

"सोमवारी."

"या सोमवारी? बर्फ कुठे होता गं?"

"आजीने ठेवला होता, मॅडम. माझ्यासाठी."

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी गुण लिहिले आणि म्हणाल्या, "आधी घरी फोन कर."

रेलीनने बाहेरच्या जिन्यावरूनच फोन लावला. "नूको, पास झाले! तुझ्या अंथरुणात काही आलं नाही ना?"

"रोज झटकून बघते. काही नाही," नूको म्हणाली. "आणि काही येणार असतं, तरी गोष्ट सांगितलीच असती."