दिवसाउजेडी सांगितलेली गोष्ट

"मग त्या राजपुत्राला गोळी घातली," पवित्रा म्हणाली.

"हं. कुठं?"

"सारायेव्होत."

"गावाचं नाव कशाला सांगतीस? गोळी कुठं लागली ते सांग की."

पवित्रा गडबडली. हे पुस्तकात नव्हतं आणि गाईडातही नव्हतं. "लागली आसंल छातीत," ती पुटपुटली.

"आसंल म्हंजे? सांगनारीलाच म्हाईत न्हाय, तर ऐकनारीनं काय करायचं?" शांतव्वानं हातातली शेंग कटकन फोडली. "बरं, फुडं."

कॉटवर आडवा झालेला पवित्राचा नवरा शशिधर हसला. "घरात व्हायचं महायुद्ध युरोपात गेलं. लई बरं झालं."

त्या साली, म्हणजे दोन हजार सहात, गडमुडशिंगीत दिवेलागणीला लाईट जायची आणि जेवणं उरकल्याशिवाय यायची नाही. कंदिलाच्या उजेडात शेंगा फोडता येत होत्या, पण पुस्तकातली बारीक अक्षरं दिसत नव्हती. म्हणून पवित्रा सकाळी चुलीपुढं धडा वाचायची आणि संध्याकाळी सासूला तोंडी सांगायची. हा उपाय काही कुणी विचार करून काढला नव्हता. लाईट गेल्यावर एकटीच पुटपुटत बसलेली सून बघून शांतव्वाच एकदा म्हणाली होती, "भिताडाला काय सांगतीस? मला सांग."

शांतव्वाचं माहेर संकेश्वराकडचं, कानडी मुलखातलं. आयुष्य इकडं गेलं तरी जीभ अजून थोडी तिकडचीच होती, आणि तिकडच्याच रीतीनं पवित्रा तिला अत्ती, म्हणजे सासूबाई, म्हणायची. गोष्ट ऐकायची रीतही तिकडचीच. सांगणाऱ्यानं एक वाक्य संपवलं, की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. हुंकार आला नाही की थांबायचं, कारण ऐकणारा तरी झोपला असणार, नाहीतर सांगणारा तरी चुकला असणार. आणि शांतव्वा झोपणाऱ्यातली नव्हती. शाळेची पायरी चढलेली नसूनही काल सांगितलेलं आणि आज सांगितलेलं जुळलं नाही, तर तिचा 'हं' घशातच राहायचा.

पवित्रा गावातल्या अंगणवाडीत मदतनीस होती. पोरांना घरोघरी जाऊन गोळा करायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची. शिकवायचं काम अंबूबाईंचं, कारण त्या सेविका. पण अंबूबाई संक्रांतीला निवृत्त व्हायच्या होत्या, आणि मुख्यसेविका बाईंनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, "दहावी पास झालीस तर जागा तुझी. न्हाईतर बाहेरची बाई येणार." बाहेरची बाई म्हणजे या पोरांची नावंसुद्धा माहीत नसलेली बाई. सतराव्या वर्षी शाळा सोडून मांडवात उभी राहिलेली ही बाई, पस्तिशीला पोचल्यावर बाहेरून फॉर्म भरून मार्चला बसली. गणित सुटलं, इंग्रजी कसंबसं सुटलं, आणि इतिहासानं पाडलं. घोकलेले सगळे मुद्दे परीक्षेच्या वर्गात शेळ्यांसारखे चौफेर पांगले होते. आता ऑक्टोबरची परीक्षा हा शेवटचा डाव होता.

"एका पोरानं गोळी घातली आन् सगळी दुनिया पेटली?" शांतव्वानं विचारलं.

"न्हाय अत्ती. भांडनं आदीच लागलीती. ह्याला तात्कालिक कारण म्हंत्यात."

"म्हंजे निमित्त."

"व्हय."

"निमित्त येगळं, कारण येगळं," शांतव्वा म्हणाली आणि सूप पाखडायला घेतलं. "हं. फुडं सांग."

पवित्रानं दुसऱ्या दिवशी वहीत तात्कालिक कारण या शब्दापुढं निमित्त असं लिहून टाकलं. मार्चमध्ये जे तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते सासूनं एका शब्दात बसवलं होतं.

असं करत पहिलं महायुद्ध संपलं, रशियातली क्रांती झाली, राष्ट्रसंघ निघाला आणि मोडला. परीक्षा तोंडावर आली तेव्हा दुसरं महायुद्ध अजून तसंच पडून होतं. धडा मोठा होता आणि संध्याकाळ पुरेनाशी झाली. म्हणून एका दुपारी बांधावर गवत कापता कापता पवित्रानं सुरुवात केली.

"अत्ती, ऐका. पयल्या युद्धात जर्मनी हरली. जिकलेल्यांनी तिच्यावर लई जाचक तह लादला."

हुंकार आला नाही. पवित्रानं मागं वळून बघितलं.

"चुकलं काय?"

"दिवसा गोष्ट सांगत न्हाईत," शांतव्वा विळा थांबवून म्हणाली.

"ही काय गोष्ट हाय व्हय? अभ्यास हाय."

"मी हुंकार दिला की ती गोष्ट. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. तुज्या आईनं सांगितलं न्हाय कवा?"

सांगितलं होतं. कुठली आई सांगत नाही? दिवसा पोरांनी कामं सोडून गोष्टींत रमू नये म्हणून आयांनी घातलेला हा धाक. पवित्राला हसू फुटलं आणि जीभ सैल सुटली. "अत्ती, तुमचं वय काय, तुमच्या मामाचं काय! तो आता कुटल्या वाटंवर असनार हाय चुकायला?"

शांतव्वानं अर्धवट भारा तसाच बांधला, डोक्यावर घेतला आणि चालू लागली. त्या दिवशी पवित्राच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं संसार करून आपण या बाईला पहिल्यांदाच दुखावलं आहे, आणि कशानं ते आपल्याला ठाऊकही नाही.

त्या संध्याकाळी कंदील लागला. शांतव्वा शेंगा घेऊन न बसता पाठ करून निजली. दुसऱ्या दिवशीही तेच. पवित्रानं नवऱ्याला हुंकार द्यायला बसवलं, तर तो तिसऱ्या वाक्याला घोरायला लागला. मग ती गोठ्यात जाऊन म्हशीला सांगू लागली. म्हैस रवंथ करत मान हलवायची, पण तिला खरं-खोटं सगळं सारखंच. वाक्यं पुन्हा पांगायला लागली. बाहेरची बाई अंगणवाडीच्या दारात उभी राहिलेली पवित्राला आता रोज दिसत होती.

शेवटी ती शशिधरलाच खोदून विचारायला लागली. "मामाचं काय झालंतं ओ?"

"कुनाच्या?"

"अत्तीच्या."

शशिधर डोकं खाजवत म्हणाला, "लढाईत गेला म्हंत्यात. आई कवा बोलत न्हाय. लहानपनी आमाला तिनं एक गोष्ट सांगितली न्हाय, बघ. शेजारची आक्का सांगायची. आई नुसती हुंकार द्यायची."

दुसऱ्या दिवशी पवित्रा अंगणवाडीतून आली, तर शांतव्वा अंगणात उन्हात बसलेली. पुढ्यात सूप, सुपात काहीच नाही. पवित्रानं पाय धुतले आणि तिच्यापाशी जाऊन बसली. "अत्ती, मी लई चुकीचं बोलले," ती म्हणाली, आणि तिला रडूच आलं.

"तुला काय म्हाईत," शांतव्वा म्हणाली. मग सुपाकडं बघत बोलायला लागली. "माजा बाप मी रांगत हुते तवाच गेला. आईला आन् मला भरमामामानं संबाळलं. भरमाप्पा नाव त्याचं. मला खांद्यावर घिऊन बाजार करायचा. मग लढाई लागली, पलटनीतली मानसं बाजारात येऊन पोरं भरती करायला लागली, त्यात गेला. जाताना म्हनला, शांती, येताना तुला बाहुली आनतो. आज्जी रोज रात्री गोष्ट सांगायची. दिवसा न्हाय. मामा वाटंवर हाय, म्हनायची."

"मग?"

"मग काय. मी आट वरसाची. एक दिवस चिच्चंच्या झाडाखाली पोरी जमवल्या आन् भर दुपारी गोष्ट सांगितली. राक्षसाची. सगळी. शेवटापतोर. आज्जीनं ऐकलं आन् माज्या मुस्काटात दिली." शांतव्वानं गालाला हात लावला, जणू ते कालच घडलं होतं. "त्या सुगीतच खबर आली. आफ्रिकेत पडला म्हनं. वाळूत. आज्जी मला एका शब्दानं बोलली न्हाय कवा. पन त्या दिसापास्नं तिनं गोष्ट सांगितली न्हाय. मीबी न्हाय."

असं कुठं असतं का, हे म्हणणं सोपं होतं. पण चौसष्ट वर्षं जे एकटीनं वाहिलं, ते कुणाच्या 'असं कुठं असतं का' नं उतरत नाही, एवढी समज तिला होती. ती नुसती सासूचा हात धरून बसली.

शांतव्वानंच पदरानं तोंड पुसलं. "पुस्तक आन," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता."

"दिवस हाय अत्ती."

"म्हाईत हाय मला. आंधळी न्हाय अजून. ती लढाई कशानं लागली ते सांग. पयल्यापास्नं सांग. काय गाळू नगंस."

पवित्रानं पुस्तक आणलं, पण उघडलं नाही. मांडीवर ठेवलं आणि सांगायला लागली. जर्मनीवर लादलेला तह सांगितला, त्यानं पेटलेला सूड सांगितला. पैशाची किंमत कागदाएवढी झाली, लोक पिचले आणि अशा वेळी मोठ्यांदा ओरडणारा एक माणूस त्यांना देव वाटला, हे सांगितलं. भांडणं सोडवायला नेमलेला राष्ट्रसंघ कसा नुसता बघत बसला, तेही सांगितलं. प्रत्येक वाक्याला हुंकार येत होता, बारीक पण चोख.

"मग जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला."

"हे निमित्त."

"व्हय, हे निमित्त. मग इंग्लंडनं जर्मनीशी लढाई पुकारली."

"हं. ते त्यांचं त्यांचं झालं. माजा मामा कशाला ग्येला त्यात?"

"राज्य इंग्रजाचं. त्यांनी आपल्या मानसांना इचारलंबी न्हाय, अत्ती. भारत लढाईत उतरला म्हनून सांगून टाकलं. लाखो पोरं गेली. कोन ब्रह्मदेशात, कोन इटलीत, कोन आफ्रिकेच्या वाळवंटात."

"लाखो," शांतव्वा म्हणाली. "त्या सगळ्यांच्या भाच्यांनी दिवसा गोष्टी सांगितल्या नसतील की गं."

"न्हाय अत्ती."

"कारनं सपली?"

"सपली."

"पुस्तक उगडून बग. एकांदं राहिलं आसंल."

पवित्राला सगळी कारणं पाठ होती. तरीही तिनं पुस्तक उघडलं, पान काढलं, आणि शांतव्वाला दिसेल अशा बेतानं प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत शेवटापर्यंत गेली. पान उलटून मागचंही बघितलं.

"न्हाय. हाईत तेवडीच. दुसरं कायबी न्हाय."

शांतव्वा त्या पानाकडं बघत राहिली. तिला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. अंगणातलं ऊन पायरीवरून खाली उतरलं, तेव्हा कुठं तिचा हुंकार आला. मोठा, सगळा श्वास बाहेर टाकणारा.

परीक्षेच्या दिवशी ती हट्टानं पवित्राबरोबर कोल्हापुरात आली. शाळेच्या फाटकाबाहेर पोरांच्या बापांची गर्दी होती. एकानं कौतुकानं विचारलं, "आज्जी, नातू बसलाय काय?"

"सून बसलीया," शांतव्वा म्हणाली. "इतिहासाला."

आत पवित्राच्या हातात प्रश्नपत्रिका आली. दुसऱ्या महायुद्धाची कारणे लिहा, असा प्रश्न होता. तिनं पहिलं वाक्य लिहिलं आणि थांबली. मनात हुंकार आला. मग दुसरं लिहिलं. एका ठिकाणी तो आला नाही, तेव्हा तिनं वाक्य वाचून बघितलं. निमित्त आधी आणि कारण नंतर, असं झालं होतं. तिनं ते खोडून नीट केलं. एकही वाक्य पांगलं नाही.

ती पास झाली. पहिला वर्ग नव्हता, पेपरात फोटो नव्हता. शशिधरनं पेढे आणले आणि सांगत सुटला, की निम्मे मार्क आईचे आहेत. संक्रांत झाल्यावर अंबूबाईंनी कपाटाची किल्ली पवित्राच्या हातात दिली. बाहेरची बाई काही आली नाही.

फेब्रुवारीतली गोष्ट. नवी मदतनीस शालूबाई तापानं पडली होती, आणि पवित्रा एकटीच खिचडीचं पातेलं सांभाळत होती. आतल्या खोलीत पोरांनी उच्छाद मांडलेला. तेवढ्यात सगळं एकदम चिडीचूप झालं. पोरं गप्प झाली की आधी काळजी वाटते. पवित्रा हातातला डाव तसाच घेऊन दाराशी आली.

शांतव्वा भिंतीला टेकून बसली होती. कधी आली, कुणास ठाऊक. भोवती पोरांचा गराडा. बाहेर टळटळीत दुपार.

"आज्जी," एक शेंबडी पोर ठसक्यात म्हणाली, "दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. माजी आई म्हंती."

शांतव्वानं त्या पोरीला जवळ ओढलं आणि पदरानं तिचं नाक पुसलं. "न्हाय चुकत, बाळ," ती म्हणाली. "मामा वाट चुकतो त्याची कारनं येगळी आसत्यात. मोटी झालीस की शाळंत शिकवतील. आता हुंकार द्या बगू सगळ्यांनी. एक हुता राक्षस."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. हुंकार म्हणजे काय, हे त्यांना कुठं ठाऊक होतं? शांतव्वा थांबली, आणि आठ वर्षांची असताना थांबली असेल तशी वाट बघत राहिली.

"हं," दारातून पवित्रा म्हणाली.