बेंडमधली पाती

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. चालू व्हायला मला वेळ लागतो आणि पोटात घरघर होते, हे मान्य. पण गणितात मी आजवर कुणाला हार गेलेलो नाही!

इमारतींत छताखालून पत्र्याचे चौकोनी डक्ट जातात आणि खोल्याखोल्यांत ताजी हवा पोचवतात. वाटेत वळण, म्हणजे बेंड आला, की हवेचा दाब थोडा खर्ची पडतो. तो किती, हे माझ्यातले सॉफ्टवेअर चुटकीसरशी सांगते. त्यावरूनच पंखा किती ताकदीचा लागेल ते ठरते.

एकदा इस्पितळाच्या बालविभागाचे काम आमच्या इंजिनिअर ताईला मिळाले. तिचे ते पहिलेच स्वतंत्र काम. डक्ट बनवणारे मिस्त्री म्हणजे तिचेच बाबा. लेक आकडे काढणार आणि बाप पत्रा कापणार, याचे सगळ्या ऑफिसला कोण कौतुक!

पंखा सुरू झाला, पण शेवटच्या खोलीत हवा पोचेचना. दोन दिवसांनी तिथे आजारी बाळे यायची होती. साहेब ताईला म्हणाले, "उद्यापर्यंत जमलं नाही, तर काम दुसऱ्याकडे देतो. आणि हा डबा भंगारात टाक." मित्रांनो, मला ते फार लागले.

ताईने इस्पितळात जाऊन शिडी लावली, बेंड उघडून पाहिले आणि बाबांना घेऊन थेट माझ्यासमोर आली.

"बाबा, बेंडमध्ये हवा वळवणारी पाती का नाही बसवलीत?"

"पाती? अगं, तीस वर्षं मी साधेच बेंड करतोय."

"मी पाती धरूनच गणित केलं. म्हटलं, तुम्हाला काय सांगायचं!"

"आणि मी म्हटलं, लेकीला काय विचारायचं!"

ताईने माझ्यात आधी पात्यांचा बेंड निवडला, मग साधा. साध्यात खर्ची पडणाऱ्या दाबाचा आकडा जवळजवळ पाचपट आला, आणि असे चार बेंड होते. बाबा उठले आणि पात्यांसाठी पत्रा कापायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन वाजला. "आली गं हवा," बाबा म्हणाले, "शेवटच्या खोलीतसुद्धा!" ताई हसता हसता रडली. माझे गणित तसूभरही चुकले नव्हते. अभिमानाने माझा ऊर भरून आला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसायची राहिली, तरी मी रागावणार नाही. पण पत्र्याच्या आत काय आहे, ते मला दिसत नाही. म्हणून माझ्यात आकडे भरण्याआधी, पत्रा कापणाऱ्याला एकदा विचारून या. मग ते तुमचे स्वतःचे बाबा का असेनात.