दूध संस्थेचा जळलेला बोर्ड

आकाराम वायरमनला आताशा कुठं जायचं म्हटलं की आधी गुडघ्याला विचारावं लागायचं. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत मोटरी भरून द्यायचं दुकान, चाळीस वर्षं तांब्याची तार गुंडाळून बोटांना पडलेले घट्टे, आणि आता मोटर जळली की भरून न घेता सरळ नवी आणणारी माणसं. कंटाळा तरी किती यावा एखाद्याला? तरीही त्या दिवशी भर दुपारी त्यानं स्कूटर काढली आणि पंचगंगा ओलांडून जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याचं गाव गाठलं. तिथल्या दूध संस्थेचे चेअरमन गणपतराव यांचा सकाळपासून चौथा फोन आला होता. "या की हो, नुसती सही तर हाय," असं ते म्हणत होते. जिथं नुसती सही असते तिथं माणसानं जास्त सावध असावं, हे आकारामला कळत नव्हतं असं नाही. पण सावध राहायलाही अंगात दम लागतो.

वीस वर्षं या संस्थेचं वायरिंग त्याच्याच हातचं. आदल्या संध्याकाळी, माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी असताना, भिंतीवरच्या बोर्डानं पेट घेतला होता. कुणीतरी पळत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून इमारत वाचली. पण जाळ दुधातलं फॅट मोजणाऱ्या मशीनच्या वायरीपर्यंत पोचला आणि मशीन बसलं ते बसलंच. आज सकाळी सगळ्यांचं दूध एकाच अंदाजी फॅटवर घेतलं, तेव्हा ज्यांच्या म्हशी चांगल्या होत्या त्यांनी संस्थेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"बसा आकारामभाऊ, च्या घ्या," म्हणत गणपतरावांनी एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. त्यात लिहिलं होतं: ऑपरेटर संघप्रिया हिने खासगी मोबाइलचा चार्जर संस्थेच्या बोर्डात लावल्याने शॉर्टसर्किट होऊन बोर्ड जळाला, असा माझा तांत्रिक अभिप्राय आहे. खाली वायरमनच्या सहीला जागा सोडलेली. पाच वाजता संचालकांची मीटिंग होती. हा कागद तिथं वाचला गेला की पोरीला आजच घरी बसवायचं, असं ठरून गेलेलं होतं.

पोर चार महिन्यांपूर्वी कामाला लागली होती. बीकॉम झालेली, कॉम्प्युटरवर हात बसलेला, गावातल्या विहारामागच्या गल्लीत राहणारी. त्या गल्लीतलं कुणी आजवर या खुर्चीवर बसलं नव्हतं. हे काही गणपतराव बोलले नाहीत. "लोकांची आधीपास्नंच कुरकुर हुती, आता निमित्त झालं," एवढंच ते म्हणाले, आणि चहात बिस्कीट बुडवलं.

चार्जर टेबलावर रुमालात गुंडाळून ठेवला होता. जसा काही खुनातला चाकू. पांढरा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा.

"एवढासा तुकडा, आन म्हणं अर्ध्या तासात मोबाइल भरतो," गणपतराव म्हणाले. "एवढ्याशात एवढा करंट कोंबल्यावर जाळ व्हनार न्हाय तर काय व्हनार?"

बाळाबाई दारातच बसून होती. काल रांगेत ती सगळ्यात पुढं होती, म्हणून साक्षीला बोलावलेली. "मी डोळ्यानं बघितलंय," ती म्हणाली. "हिनं ते टोचलं की टचकन ठिणगी उडाली. आन जरा येळानं जाळ."

संघप्रिया आत दुधाचं भांडं धूत होती. धुतलेलंच परत धूत होती. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

आकारामला खरं तर सही करून घरी जाऊन पडायचं होतं. पण चार्जरला नावं ठेवलेली त्याला का कोण जाणे सोसली नाहीत. अडाण्यासारखं बोललेलं ऐकून घ्यायची ताकद त्याच्यात कधीच नव्हती, ना तरुणपणी ना आता.

"गणपतराव, जुना रेडिओचा अॅडॉप्टर आठवतो? विटेगत जड?" तो म्हणाला. "जड का हुता, तर आपली लाइन सेकंदाला पन्नास फेऱ्या मारती. फेऱ्या थोड्या, म्हणून एकेका फेरीत जास्त माल न्यावा लागायचा. त्याला लोखंड मोठं, तांबं मोठं. ह्यो नवा गडी काय करतो, आलेली लाइन आधी सरळ करतो, आन मग सेकंदाला लाखावारी तुकडे करून पलीकडं देतो. दूध मोठ्या कॅननं नेलं काय आन वाटी-वाटीनं लाख खेपा करून नेलं काय, पोचतं तेवढंच. वाटी धरायला पैलवान लागत न्हाय. म्हणून ह्यो एवढासा."

"आन तापत न्हाय?"

"तापतो की. पण आतली चिप नव्या जातीची असती, उघडझाप लई झटक्यात करती, म्हणून कमी तापतो. भारी कंपनीचा हाय ह्यो, बघा हातात घेऊन."

"मग ठिणगी कशाची?" बाळाबाई मागं हटायला तयार नव्हती.

"आत करंट साठवायचं एक भांडं असतं, ते रिकामं असतं मावशी. बटण चालू ठेवून चार्जर खोचला की ते एका दमात भरतं, तवा एवढीशी ठिणगी उडती. सगळ्यांच्या घरात उडती. त्यानं बोर्ड पेटायचा तर अख्खं कोल्हापूर पेटलं असतं." तो गुडघ्यावर हात ठेवून उठला. "बोर्ड बघू चला."

बोर्डावर तीन प्लग-पॉइंट होते. एकात फॅट मशीन, एकात वजनकाट्याच्या भांड्यातलं दूध कूलरच्या टाकीत चढवणारा छोटा पंप, आणि तिसरा मोकळा. त्या मोकळ्यात काल चार्जर होता. बाळाबाईनंच बोट करून दाखवला. तो वरनं नुसता धुरानं काळवंडला होता. आत पितळ लख्ख. पंपाच्या प्लगचा मात्र कोळसा झाला होता. आकारामनं चष्मा वर करून बॅटरी मारली. आतल्या पितळेला खड्डे खड्डे पडले होते, आणि ते काही एका दिवसाचे नव्हते.

"पंप चालू असतानाच प्लग उपसतासा व्हय?" त्यानं विचारलं.

मग आतनं संघप्रियाचा आवाज आला. "बटणानं बंद हुत न्हाय मामा. दाबलं तरी पंप चालूच ऱ्हातो. मी आलो तवापास्नं वढूनच बंद करतो."

"आधीपास्नंच तसं हाय ते," गणपतराव म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"त्यात सगळंच हाय," आकाराम म्हणाला. "मोटरच्या गुंडाळीत एकदा करंट धावाय लागला की तो एकदम थांबत न्हाय. तुमी प्लग वढलासा तरी त्याला पुढं जायचंच असतं. मग तो प्लग आन पितळ ह्यांच्या मधल्या हवेतनं उडी मारतो. ती ठिणगी आन चार्जरची ठिणगी ह्यात जमीनअस्मानाचा फरक हाय. वेल्डिंगच म्हणा की. दर टायमाला पितळ जरा खाती, काजळी धरती. मग प्लग सैल बसतो, सैल बसला की तापतो, तापला की आणखी सैल. एका टायमाच्या दुधाला किती वेळा वढतासा?"

"वीस-पंचवीस," संघप्रिया म्हणाली. ती आता दारात येऊन उभी राहिली होती.

बटण जळालं म्हणावं तर पंप बंद पडायला हवा होता. चालूच कसा राहतो? आकारामनं स्क्रू काढले, बोर्ड पुढं ओढला आणि उलटा केला.

पंपाच्या बटणाच्या दोन टोकांना जोडणारा तारेचा एक तुकडा मागं लावला होता. बटण बाजूला ठेवून लाइन सरळ दिलेली. धंद्याच्या भाषेत, डायरेक्ट केलेलं. तारेचा पीळ डाव्या अंगानं दिलेला होता. सगळ्या तालुक्यात डावखुरा वायरमन एकच.

त्याला आठवलं, म्हणजे फार काही आठवलं नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ, संकलन चालू, पंपाचं बटण अडकलेलं, रांगेतली माणसं ओरडत होती. खिशात नवं बटण नव्हतं. "आज डायरेक्ट करतो, उद्या येऊन बदलतो," असं तो कुणाला तरी म्हणाला होता. असं तो आयुष्यात किती जणांना म्हणाला होता, देव जाणे. वायरमनचा उद्या लवकर उगवत नाही. हा तर नऊ वर्षं उगवला नव्हता.

तो खुर्चीवर बसला. कागद समोरच होता. तारेचा तुकडा चिमट्यानं तोडून खिशात घातला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. चेअरमनला तेच हवं होतं, गावाला तेच हवं होतं, आणि आकारामलाही, छातीवर हात ठेवून सांगायचं तर, तेच हवं होतं. त्रेसष्टाव्या वर्षी कुणाला आपल्या हातचं खोटं काम चारचौघांत उघडं पाडायला आवडतं? त्यानं पेन उघडलं.

"हे मी केलेलं हाय," तो शेवटी म्हणाला. "नऊ वर्षांमागं बटण डायरेक्ट मी केलतं. बदलायला येतो म्हणालो आन आलो न्हाय. पोरीचा काय संबंध न्हाय, चार्जरचा बी न्हाय."

गणपतरावांनी दाराकडं बघितलं आणि आवाज खाली घेतला. "आकारामभाऊ, ऱ्हाऊ दे की. नऊ वर्षांमागचं कोण काढतंय? तुमाला बी तरास, आमाला बी. चार्जरच असू दे."

आकारामनं टाइप केलेल्या मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली हातानं लिहिलं. पंपाचे बटण मी डायरेक्ट केल्याने प्लग चालू लाइनवर काढावा लागत होता, त्यामुळे बोर्ड जळाला, चूक माझी आहे. सही केली, लायसनचा नंबर घातला.

"हे मीटिंगीत वाचल्यावर तिला काढता यायचं न्हाय," गणपतराव म्हणाले. "आन तुमाला बी परत बोलावता यायचं न्हाय."

"दुसरा वायरमन बघा."

गणपतरावांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि बाहेर गेले. बाळाबाईही पदर सावरत उठली.

आता पोरगी चार चांगले शब्द बोलेल, असं आकारामला वाटलं होतं. म्हातारपणी माणसाला अशा फुकटच्या आशा सुटत नाहीत.

"मी तुमाला फोन केलता मामा," संघप्रिया म्हणाली. "कामाला लागल्या-लागल्या. ठिणग्या लई उडत्यात म्हणून."

आकारामला तो फोन आठवेना. "मी काय म्हणालो?"

"म्हणालासा, वीज हाय म्हटल्यावर ठिणगी उडायचीच, जरा झटक्यानं वढत जा. म्हणून मी झटक्यानं वढत गेलो. तरी बी उडायचीच." ती त्याच्याकडं न बघता बोलत होती. "रांगेतली हसायची. म्हणायची, हिच्या हातातच खोट हाय. मग मला बी तसंच वाटाय लागलं."

आकाराम उठून बाहेर स्कूटरकडं गेला.

साडेपाचच्या संकलनाला बोर्ड तर लागणारच होता. स्कूटरच्या डिकीत नवं साहित्य होतं. त्यानं जळकं सगळं काढून टाकलं, नवे पॉइंट बसवले, नवं बटण बसवलं, प्रत्येक स्क्रू दोनदा आवळला. तास गेला. मग मेन चढवला, पंप लावला, बटण दाबलं. पंप घुरघुरला.

"आता बटण बंद कर आन मग प्लग काढ," तो म्हणाला.

तिनं बटण बंद केलं. पंप थांबला. गेल्या नऊ वर्षांत पहिल्यांदा तो बटणानं थांबला होता. तिनं प्लगला हात घातला, तोंड पार भिंतीकडं फिरवलं, डोळे गच्च मिटले आणि झटक्यानं ओढला.

प्लग हातात आला. ना आवाज, ना उजेड. तरी ती तशीच उभी होती, तोंड फिरवून, खांदे आखडून.

"आला बाई बाहेर," आकाराम म्हणाला. "काय न्हाय झालं. उघड डोळे."