कच्च्या दोऱ्याचं टोक

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो आमच्या कामतघर वस्तीत मृणालीताई नावाने राहतो. बचतगटाची अध्यक्ष. बाईला सुईत दोरा ओवता येत नाही, पण गोधडीवर बोलायला लागली की थांबत नाही.

गेल्या वर्षी तिने माझ्या आयची गोधडी प्रदर्शनाला नेली. ठकुबाई, माझी आय, तिने मरायच्या आधी शिवलेली शेवटची. वर चिठ्ठी कुणाच्या नावाची? मृणालीताईच्या! बक्षीस घेतलं, आणि गोधडी परत मागायला गेले तर म्हणे, "अगं संघरत्ना, गटाची वस्तू ना ती!" आता ती तिच्या दिवाणावर असते. तिचा कुत्रा लोळतो त्यावर. वर्षभर नुसता जीव जळत होता माझा.

यंदा मेली परत दारात. "बाळाची गोधडी शिवून दे, गटाच्या नावाने मांडते."

म्हटलं, देते की.

आय तुकडे आधी कच्च्या टाक्याने बसवायची. मधल्या चौकोनापासून गोल गोल बाहेर, एकच दोरा, गाठ कुठेच नाही. काम झटपट होतं, आणि वरून पक्की शिलाई झाली की टोक ओढायचं, सगळा दोरा सुळकन बाहेर. मी कापड विणायच्या लूमवरचा गुळगुळीत दोरा घेतला. टाके बारीक घातले, बघणाऱ्याला पक्केच वाटावेत असे. पक्की शिलाई घातलीच नाही. बोटभर टोक मध्ये मोकळं सोडलं.

प्रदर्शनात चिठ्ठी परत तिचीच. परीक्षक होती सीताबाई, दिघाशीची जुनी गोधडीवाली. तिने ते टोक बघितलं. "बाई, कच्चा दोरा काढायचा राह्यलाय की."

"हो ना, गडबडीत विसरले," मृणालीताई हसली आणि तिने टोक ओढलं. ओढतच गेली. एकेक तुकडा तिच्या चपलांवर पडला. कुणीतरी फिसकन हसलं. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

तिने मला कोपऱ्यात घेतलं. "संघरत्ना, पटकन शिवून दे गं, हात जोडते."

"देते. आधी आयची गोधडी आणा. इथे, सगळ्यांसमोर."

अर्ध्या तासात गोधडी रिक्षातून आली, कुत्र्याच्या केसांसकट. मी ती झटकली, टांगली, चिठ्ठीवर 'ठकुबाई' लिहिलं.

"आता शिव ना," मृणालीताई कुजबुजली.

मी सुई आणि दोरा तिच्या हातात ठेवला. "ओवून द्या आधी."