बोनला जायचं म्हणजे जायचं

मोरिसेतबाईंनी जायचं ठरवलं होतं, आणि ते पोराला सांगायचं होतं. चौतीस वर्षं हॉस्पिटलात पेशंटांच्या चादरी बदलल्या, उलट्या पुसल्या, मोठमोठ्या डॉक्टरांना तोंडावर सुनावलं, पण पोटच्या पोरापुढे जीभ टाळ्याला चिकटायची. आता याला काय म्हणायचं?

जायचं होतं बोनला. त्यांच्या त्रुआ गावाहून निघून दिजोंला गाडी बदलली की अर्धा दिवसही लागत नाही. पण हे बोन त्यांनी आयुष्यभर पाहिलं ते हायवेवरून. दर ऑगस्टला नवरा रेमों गाडीला कॅराव्हान, ते चाकांवरचं घर, जोडायचा आणि दक्षिणेला, समुद्रकाठच्या त्याच कॅम्पिंगमध्ये, त्याच सतरा नंबरच्या जागेवर नेऊन उभी करायचा. सव्वीस वर्षं! वाटेत बोनच्या थांब्यावर लघवी, थर्मासमधली कॉफी आणि हॅमचं सँडविच. तिथे जवळच एक तपकिरी पाटी होती, तिच्यावर रंगीत कौलांच्या छपराचं चित्र. ते छप्पर जुन्या काळच्या गोरगरिबांच्या हॉस्पिटलाचं. साडेपाचशेहून जास्त वर्षांपूर्वीचं. रांगेने पलंग, प्रत्येकाला लाल पडदे.

"रेमों, जाऊन येऊ ना आत. तासभर."

"पाटीवर दिसलं ना? झालं तर मग. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत रेमोंच गेला. त्यालाही आता दोन वर्षं झाली. बाईंना त्याची आठवण यायची, रडूही यायचं, पण त्या पाटीवरून अजूनही डोकं फिरायचं.

म्हणून या खेपेला त्यांनी स्वर्गारोहणाच्या ख्रिस्ती सणाचा गुरुवार धरला. गुरुवारी सुट्टी, शनिवार-रविवार सुट्टी, मधला शुक्रवार सगळा देश जोडून घेतो. बाई रिटायर, त्यांना कसला शुक्रवार आणि कसला गुरुवार! पण हॉस्पिटलात असताना ही जोडून सुट्टी त्यांना एकदाही मिळाली नव्हती, दर वेळी तरण्या पोरींना मिळायची. तेव्हा जायचं तर तेव्हाच. बोनच्या जुन्या तटबंदीजवळ खोली घेतली, दोन रात्री. गुरुवारी पोचायचं. शुक्रवारी ते हॉस्पिटल, अगदी उघडल्या उघडल्या, गर्दीआधी. मग तटावरून फेरी, गुडघा म्हणेल तेवढी. शनिवारी चौकातला बाजार आणि मग परतीची गाडी. सगळं एका कागदावर लिहून काढलं आणि तीनदा वाचलं.

रविवारी मुलगा फाब्रिस, सून सेव्हरीन आणि दोन्ही नातवंडं जेवायला आली. कोंबडी झाली, सॅलड झालं. चीजची थाळी फिरायला लागली तसा बाईंनी घसा साफ केला. तेवढ्यात फाब्रिस ब्रेडचा तुकडा मोडत म्हणाला, "आई, स्वर्गारोहणाला आम्ही लिस्बनला चाललोय. गुरुवारी सकाळी सहाला मुलांना सोडतो तुझ्याकडे. रविवारी रात्री घेऊन जाऊ."

"नाही सोडायचं," बाई म्हणाल्या.

"मग बुधवारी रात्री सोडू?"

"बुधवारी नाही, गुरुवारी नाही. मी घरी नाहीये. मी बोनला चाललेय."

फाब्रिस हसला. "बोनला? कुणाबरोबर?"

"माझ्याबरोबर."

"आई, गंमत करू नकोस. तिकिटं काढलीयेत आम्ही."

"मीही काढलीयेत."

"अगं, पण मी ऑफिसात शुक्रवार जानेवारीतच मागून घेतला!"

"शहाणा आहेस. साहेबाला जानेवारीत विचारलंस. हॉटेलवाल्याला कधी विचारलंस?"

"फेब्रुवारीत."

"आणि शेजारच्या बाईला, मांजराचं बघशील का म्हणून?"

सेव्हरीन हळूच म्हणाली, "मार्चमध्ये."

"म्हणजे मांजराचीसुद्धा सोय विचारून केलीत. आणि मला आज सांगताय, तेही कोंबडी पोटात गेल्यावर. अरे, मी काय दाराबाहेरचं पायपुसणं आहे? कधीही यावं, पाय पुसावेत?"

"मोरिसेत, तसं नाही हो," सेव्हरीन म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुम्हाला मुलं आवडतात."

"आवडतात की! जीव आहेत माझे. म्हणून काय मला विचारायचं नाही?"

धाकटी क्लेलिया चीज चघळत म्हणाली, "आजी, बोनला काय आहे?"

"जुनं हॉस्पिटल आहे, राणी. आजीला बघायचंय, त्या काळच्या बायका चादरी कशा घालायच्या."

फाब्रिसने कपाळाला हात लावला. "आई, तुझा गुडघा बघ. तिथे सगळी दगडी फरसबंदी. पडलीस बिडलीस तर?"

"पडले तर हॉस्पिटलातच पडेन."

क्लेलिया खुदकन हसली. तिच्या बापाला हसू आलं नाही. तो खुर्ची पुढे ओढून, समजुतीच्या सुरात बोलू लागला. "हे बघ. आम्ही नेतो तुला. ऑक्टोबरात, गाडीने, आरामात. नाहीतर पुढच्या वर्षी. बोन काय कुठे पळून जातंय?"

बाईंना वाटलं, रेमोंच येऊन समोर बसला. तोच सूर, तशीच बोटाने टेबलावर टकटक. सव्वीस वर्षं त्या याच सुरापुढे मान डोलावत आल्या होत्या. आज मान डोलावली की संपलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गुडघा काही दरवर्षी नवा होत नाही.

"बोन नाही पळत," त्या म्हणाल्या. "मी पळतेय. एकाहत्तर संपलं मला."

मग मात्र फाब्रिसचा चेहरा उतरला. त्याने सुरी खाली ठेवली. बायकोकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. आणि लहानपणी खिडकीची काच फोडून आला होता तेव्हाच्या आवाजात म्हणाला, "चुकलं आई. आधी विचारायला हवं होतं. आता विचारतो. या चार दिवसांसाठी मुलांना ठेवशील का? प्लीज."

किती वर्षांनी पोराने त्यांना काही विचारलं होतं! बरं बाबा, ठेवते, हे शब्द अगदी ओठांवर आले. दातांखाली दाबून धरावे लागले. क्लेलिया त्यांच्याकडेच बघत होती, तिच्या गालाला चीज लागलं होतं.

बाईंनी हात लांबवून पोरीचा गाल पुसला.

"विचारलंस, फार बरं वाटलं," त्या फाब्रिसला म्हणाल्या. "पण नाही."

आणि गोडाचा टार्ट आणायला त्या स्वयंपाकघरात गेल्या.