क्लाराचं बाळंतपण

वरच्या खोलीत आता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी दोन मुलं राहतात. भिंतींवर त्यांनी नकाशे चिकटवलेत आणि खोलीला कायम नूडल्सचा वास येतो. तरी टाकी भरली का ते बघायला गच्चीवर जाताना त्या दाराशी आलो, की मला ओव्याच्या धुरीचा वास येतो. इतकी वर्षं वास भिंतीत टिकत नाही, हे मला ठाऊक आहे. वाळूजला औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी काम करतो, वासांशी रोजचा संबंध. तरी येतो.

क्लारा आमच्याकडे राहायला आली ती माघात. मूळची इटलीची, तिकडच्या एका लहान गावात शाळेत भूगोल शिकवायची. ती आणि तिचा नवरा पाओलो इथल्या एका संस्थेतून रूपाला दत्तक घेत होते. रूपा दोन वर्षांची. ती त्यांच्या हवाली झाली होती, पण दत्तकाचा आदेश निघायचा होता आणि त्यानंतर पासपोर्ट. तोवर तिला घेऊन जाता येणार नव्हतं. पाओलोची रजा संपली, तो परत गेला. हॉटेलच्या खोलीत मुलीला घेऊन एकटी बाई कशी राहणार, म्हणून संस्थेच्या समाजसेविका मोनिका मॅडमनी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घराची वरची खोली तिला मिळवून दिली. मॅडम आईच्या भजनी मंडळातल्या.

क्लारा आली तेव्हा रूपा तिच्या खांद्यावर झोपली होती. क्लाराचे डोळे खोल गेले होते. आईनं तिला नीट न्याहाळलं आणि मला विचारलं, "पहिलंच हाय का हे लेकरू?"

"हो."

"कवा मिळालं?"

"मागच्या आठवड्यात."

"मंग ओलीच बाळंतीण हाय की ही."

दादा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पेपरमागून म्हणाले, "अगं आशा, पोरगी दोन वर्षांची आहे."

"पोरगी असंल दोन वर्षांची. आई आठ दिवसांचीच हाय ना?"

दादांनी पेपरचं पान उलटलं. 

दुसऱ्या दिवसापासून क्लाराचं बाळंतपण सुरू झालं. आईनं तिच्या कानांना स्कार्फ बांधला. डिंकाचे लाडू वळले. सकाळी शेवयाची खीर, दुपारी शेपूची भाजी आणि तूप लावलेली बाजरीची भाकर. संध्याकाळी शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकून धुरी. गार पाण्यात हात घालायचा नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. रूपाला तेल लावणं, न्हाऊ घालणं, भरवणं, झोपवणं हे सगळं आईकडे. बाळंतिणीनं आराम करायचा आणि लेकराकडे आजीनं बघायचं, अशी आमच्याकडची रीत. क्लाराची आई तिकडे होती, तेव्हा ती जागा माझ्या आईनं न विचारता घेतली.

"याची खरंच गरज असते का?" क्लारानं एकदा मला विचारलं. ती माझ्याशी इंग्रजीत बोलायची. मी प्रामाणिकपणे सांगितलं, की प्रसूतीनंतर शरीराची झीज होते म्हणून हे असतं, तुमच्या बाबतीत शास्त्रीय गरज काही दिसत नाही, आईला मी सांगू शकतो.

"नको," ती घाईनं म्हणाली. "आमच्याकडे कागद भरले, मुलाखती दिल्या, वर्षानुवर्षं वाट पाहिली. माझ्याकडे बघून कुणालाही कळत नव्हतं की मी आई होणार आहे. कुणी बसायला खुर्चीसुद्धा दिली नाही. इथे तुझी आई माझे कान बांधते."

ते दिवस चांगले होते. शेजारच्या आवडाबाई बाळंतीण बघायला झबलं-टोपडं घेऊन आल्या, दोन वर्षांच्या रूपाला ते कुठलं बसणार? मग ते टोपडं रूपानं आमच्या पितळी तांब्याला घातलं आणि तो तांब्या कडेवर घेऊन घरभर फिरली. क्लाराला शेपू आवडायचा नाही. ती गुपचूप माझ्या ताटात सरकवायची आणि आई बघून न बघितल्यासारखं करायची. संध्याकाळी आम्ही सगळे क्रांती चौकापर्यंत चालत जायचो. रूपाला वाहनं बघायची हौस. ती आईच्या कडेवर, क्लारा कान बांधून मागे, आणि सर्वांत मागून दादा म्हणायचे, "मिरवणूक निघाली."

रूपा आईच्या कडेवर. हे सगळ्यांनाच दिसत होतं.

मोनिका मॅडम मूल रुळलंय का ते बघायला मधूनमधून यायच्या. त्यावर त्यांना अहवाल द्यायचा असे. फाल्गुन लागता लागता आल्या तेव्हा रूपा आईच्या मांडीवर बसून भात खात होती. मॅडम क्लाराला म्हणाल्या, "तुम्ही घ्या बरं तिला." क्लारानं हात पुढे केले, उचललं. रूपानं पाठीची कमान केली, हातपाय झाडले आणि "आसाबाई, आसाबाई" करत अशी रडली की आवडाबाई खिडकीत आल्या. आईनं घेतल्यावरच थांबली.

मॅडम उठल्या. चहा अर्धा ठेवून गेल्या.

त्या दिवशी उन्हं उतरल्यावर क्लारा गच्चीवर एकटीच उभी होती. मी कपडे काढायला गेलो. ती म्हणाली, "मी मॅडमना नाही म्हणून सांगणार आहे."

"कशाला नाही?"

"रूपाला. तिला आई मिळालीय. मी तिला विमानात घालून घेऊन गेले, तर ते पळवून नेल्यासारखंच होईल. पाओलोशी फोनवर बोलले मी. तोही म्हणाला, तू म्हणशील तसं."

मी खाली आलो. आई रूपाला थोपटत होती, दादा शेंगा सोलत होते. क्लारा काय म्हणाली ते मी शब्द न गाळता सांगितलं.

आईचा हात थांबला. "नाय म्हणती? अन् मंग लेकरू?"

"परत संस्थेत जाईल."

"पुन्हा?"

दादांनी शेंगांची पाटी बाजूला सारली. मग दादा म्हणाले, "तू पोरीची आई झालीस आशा, आणि आईला केलंस पाहुणी."

"मी काय वाईट केलं का हो?"

"वाईट कोण म्हणतंय? इतकं चांगलं केलंस की त्या बाईला काही करायला उरलंच नाही."

आई उठली. झोपलेल्या रूपाला उचलून स्वतः वर क्लाराच्या खाटेवर ठेवून आली.

सकाळी उठलो तर दारात आईची पिशवी भरलेली. लासूर स्टेशनला आईचा भाऊ, माझा पुंजाराममामा शेती करतो. "पुंजारामचे कांदे काढायला आलेत," आई म्हणाली. "मजूर मिळंना त्याला. जाऊन येते."

"दहा वर्षांत तू एक कांदा उपटला नाहीस," दादा म्हणाले.

"म्हणून तर चालले. इसरून जाईन नायतर."

रूपा अजून झोपेत होती. क्लारा जिन्यावरून खाली आली. आई तिच्यापुढे गेली, हनुवटीखालची गाठ सोडली आणि स्कार्फ काढून घडी घातली. मला म्हणाली, "सांग तिला, बाळंतपण उरकलं. आता गार पाण्यात हात घाल म्हणावं. लेकरू रडंल दोन-चार दिस. रडू दे म्हणावं, पण जवळून हालू नको."

मी सांगितलं. क्लारानं आईकडे पाहिलं, आईनं चपला घालताना मान वर केली नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. रूपा उठली की थेट खालच्या दारापाशी यायची आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायची. कुणाकडे जायची नाही. क्लारा तिच्या वरच्या पायरीवर बसायची, हात न लावता. तिथेच वाटीत वरणभात कालवून दोघींच्या मधे ठेवायची. एक घास स्वतः खायची, वाटी सरकवायची. येता-जाता आम्ही त्यांना ओलांडून जायचो. वाळूजहून परत यावं तर चित्र तेच, फक्त वाटीत पोहे किंवा शिरा.

आई रोज संध्याकाळी दादांना फोन करायची. "जेवली का?"

"कोण?"

"दोघी बी."

रूपाच्या कानावर आपला आवाज पडू नये म्हणून दादांना गल्लीत जाऊन बोलायला लावायची.

एका दुपारी, रविवार होता म्हणून मी घरी होतो, रूपा पायरीवरून घसरली आणि तिचा गुडघा खरचटला. ती क्षणभर दाराकडे बघत राहिली. तिथे कुणी नव्हतं. मग उठली, वळली आणि क्लाराला मारायला लागली. दोन्ही हातांनी, छातीवर, तोंडावर, जोर लावून. मी पुढे झालो, तर क्लारानं मानेनंच नको म्हटलं. मारून मारून दमल्यावर रूपानं क्लाराच्या कुडत्याचा गळा मुठीत धरला आणि तिथेच तोंड खुपसून झोपली. क्लारा जागची हलली नाही. तिचे पाय बधिर झाले असणार, पायरी अरुंद आहे. दादा स्वयंपाकघरातून बघत होते. मला म्हणाले, "परक्याला कुणी मारतं का रे?"

मोनिका मॅडम पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी चहा पूर्ण घेतला.

यथावकाश आदेश निघाला, मग पासपोर्टही आला. मुंबईहून विमान होतं. दोघींना पोचवायला मी निघालो. आई अजून लासूरलाच होती. कांदे कधीच निघून साठवणीच्या चाळीत गेले असणार. निघायच्या आदल्या दिवशी फोनवर तिनं एवढंच विचारलं, "डबा कंचा?" मी सांगितला.

गाडी लासूरला मिनिटभर थांबते. गाडी हळू झाली तसा मी दारात जाऊन उभा राहिलो. आमच्या डब्यापाशी आई नव्हती. पुंजाराममामा होता, भरघोस मिशा, डोक्यावर उपरणं, हातात पेरूंची पिशवी. आई पार टोकाला इंजिनाच्या बाजूला, पदर डोक्यावरून घेऊन लिंबाखाली उभी होती. मी तिच्याकडे जायला पाऊल उचललं, तर तिनं लांबूनच तळहात दाखवला. थांब.

मामा क्लाराच्या खिडकीशी गेला आणि गजांना तोंड लावून मोठ्यानं म्हणाला, "कोण हाय रं इथं?"

रूपा भोकाड पसरून क्लाराच्या गळ्यात पडली. क्लारानं तिला घट्ट धरलं, खिडकीकडे पाठ केली. गाडी सुटली. मामा पेरूंची पिशवी दारात माझ्या हाती देता देता गाडीबरोबर धावला. त्या दोघींनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. आमचा डबा आईसमोरून गेला तेव्हा तिनं तोंड फिरवून घेतलं होतं.

मुंबईहून परतताना मी आईला घ्यायला लासूरला उतरलो. ती मामाच्या ओट्यावर चाळीतले कांदे निवडत बसली होती.

"मामाला कशाला पाठवलंस?" मी म्हणालो. "किती घाबरली ती."

"लई रडली का?"

"खूप."

"अन् गेली कुणाकडं?"

"क्लाराकडे."

"झटदिशी का इकडंतिकडं बघून?"

मी आठवून पाहिलं. "झटदिशी."

"मंग झालं," आई म्हणाली. कांदे बाजूला सारून ती घरात गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.