गरज वाटल्यास वाजवावी

मित्रांनो, माझ्या अंगावर हिरवट डाग चढले आहेत आणि ओठाचा एक टवका उडालेला आहे. तेव्हा माझं वय मी वेगळं सांगायला नको. मी घंटा आहे, काशाची. शाळा सुटल्याचं सांगणारी किंवा गाडी आल्याची वर्दी देणारी मी नव्हे. मी गोल्फच्या मैदानावर राहते. सातव्या होलच्या वाटेवर एका लाकडी खांबाला मला टांगलेलं आहे.

माझा जन्म भट्टीतला. ओताऱ्याने साचा फोडून मला बाहेर काढलं, अंगावरची माती झटकली आणि बोटाच्या पेराने एक टिचकी मारली. मी वाजले. आवाज पार विरेपर्यंत तो मान कलती करून ऐकत राहिला. मग बायकोला म्हणाला, "गळा आहे हो पोरीला! कानात बोटं घातली तरी ऐकावं लागेल."

मला इकडे आणलं ते क्लबच्या पहिल्या सेक्रेटरींनी, आणि त्याला कारण झाली त्यांची टोपी.

तुमच्यापैकी अनेकांनी गोल्फ पाहिला नसेल. लांब काठीने एक लहानसा टणक चेंडू मारत मारत दूरच्या खड्ड्यात घालायचा, असा हा खेळ. त्या खड्ड्याला होल म्हणतात आणि तिथवरच्या सगळ्या वाटेलाही होलच म्हणतात. आमच्या सातव्या होलवर पहिला फटका मारायच्या जागेसमोरच एक टेकाड आडवं आलं आहे. टेकाडापलीकडे खळगा आहे. फटका मारणाऱ्याला खळग्यातला माणूस दिसत नाही आणि खळग्यातल्या माणसाला येणारा चेंडू दिसत नाही. एकदा सेक्रेटरी खळग्यात उभे असताना मागून चेंडू आला आणि त्यांची टोपी उडवून गेला. डोकं वाचलं. ते टोपी हातात घेऊन तसेच तरातरा चालत क्लबच्या बैठकीत गेले आणि टोपी टेबलावर आपटली.

गोल्फचे मोठे नियम सगळीकडे सारखे असतात. पण प्रत्येक मैदानाचे उंचवटे निराळे, ओढे निराळे, म्हणून त्याचे स्वतःचे असे स्थानिक नियमही असतात. त्या दिवशी आमचा एक नियम तयार झाला: 'खळग्यातून सर्वजण बाहेर पडल्यावर घंटा वाजवावी. घंटा ऐकल्याशिवाय मागच्यांनी चेंडू मारू नये.' खळगा संपतो तिथे, चढाच्या तोंडाशी माझा खांब रोवला गेला.

मित्रांनो, माझं निम्मं काम वाजण्याचं होतं आणि निम्मं गप्प राहण्याचं. मी वाजले की 'या.' मी गप्प असले की 'थांबा, इथे माणूस आहे.' टेकाडापलीकडचे लोक माझ्या गप्प राहण्यालाही मान देत. गप्पा मारत, शेंगा सोलत, काठ्या पुसत ते उभे राहत. मला फार अभिमान वाटे त्याचा.

ते दिवस चांगले होते. कुणी फटका मारत असला की बाकीचे हालचालसुद्धा करत नसत. वाळूत पावलं उमटली की जाणारा दाताळ्याने वाळू सारखी करून जाई. काठीने गवताची ढपली उखडली तर ती उचलून आणून जागेवर बसवायची आणि पायाने दाबायची, म्हणजे गवत पुन्हा मूळ धरतं. हे सगळे करत. अपवाद एका बेकरीवाल्याचा. मनाने लोण्यासारखा माणूस, पण प्रत्येक फटक्याला जमीन उकरायचा. त्याचं नावच 'नांगर' पडलं होतं. उखडलेली ढपली शोधायला जाई आणि चेंडू कुठे पडला ते विसरून बसे.

त्याच्याबरोबर नेहमी एक दंतवैद्यबाई खेळत. गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या, कुणाच्याही बोलण्यात आधी त्याचे दात बघणाऱ्या. नांगर पुढे गेला की त्या मागे राहून त्याने उकरलेली जमीन बुजवत. "याच्या मागे फिरायचं म्हणजे दवाखाना इथेही चालूच," असं म्हणत त्या ढपली दाबत आणि मग येऊन माझी दोरी ओढत. त्यांचे यजमान गेल्यापासून त्यांचा धाकटा दीरही क्लबमध्ये येऊ लागला होता. तो घरांचे नकाशे काढणारा वास्तुविशारद होता. वहिनीला रविवारी घरात एकटं वाटू नये म्हणून तो खेळ शिकला, असं नांगर म्हणायचा. पुढे तो त्यांच्यापेक्षा चांगला खेळू लागला आणि क्लबचा कॅप्टन झाला. मैदानाचे नियम आणि वेळा बघण्याचं काम कॅप्टनचं.

कॅप्टन हुशार होता, कामाला वाघ होता, पण त्याला थांबणं सोसत नसे. सभासद वाढले होते, मैदानावर गर्दी होत होती, खेळ रेंगाळत होता. त्याने वेळ वाचवायला सुरुवात केली. एका सकाळी तो आणि वहिनी माझ्याजवळ उभे होते. वहिनींनी नुकतीच दोरी ओढली होती.

"भाऊजी, घंटेचा नियम बदलताय म्हणे?" त्यांनी विचारलं.

"काढत नाही आहोत, वहिनी. 'घंटा वाजवावी'च्या आधी फक्त 'गरज वाटल्यास' एवढं घालतोय. आणि मागच्यांनी अदमास घेऊन मारावं. लोक विसरतात वाजवायला, मागचे उगाच ताटकळत बसतात."

"दोरी ओढायला कितीसा वेळ लागतो?"

"प्रश्न ओढण्याचा नाही हो, वाट बघण्याचा आहे."

"पण गरज वाटायची कुणाला?"

"म्हणजे?"

"खळग्यातून बाहेर पडला त्याचं काम झालं. त्याला कशाला गरज वाटेल? गरज मागच्याला. आणि दोरी पुढच्याच्या हातात."

कॅप्टन हसला. "तुम्ही म्हणजे ना, दातासारखा एकेक शब्द ठोकून बघता!"

त्याही हसल्या. बैठकीत त्यांनी विरोध केला, पण त्यांच्या बाजूने एकटा नांगरच होता, असं त्याच्याच तोंडून मला नंतर कळलं. नियमात दोन शब्द आले आणि घंटा ऐकेपर्यंत थांबायची अट गेली.

मित्रांनो, दोन शब्दांनी काय होतं, असं मलाही वाटलं होतं. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग कुणी कुणी हात न लावता पुढे जाऊ लागले. मग बरेच जण. माझी दोरी उन्हाने विटली, तिची टोकं पिंजारली. काही तरुणांनी मला नेम धरायचं निशाण केलं. माझ्या ओठाचा टवका त्यातच उडाला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. दंतवैद्यबाई मात्र आठवणीने वाजवत. पण पलीकडचे हसून म्हणत, "आज घंटा कशी काय?" माझं वाजणं नवलाचं झालं, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की माझ्या गप्प राहण्याला आता काही अर्थच उरला नव्हता. मी गप्प आहे, म्हणजे खळग्यात कुणी आहे की नुसतंच कुणी दोरी ओढली नाही? ते कुणाला कळावं?

तो रविवार स्वच्छ उन्हाचा होता. खळग्यात दंतवैद्यबाई आणि नांगर आले. नांगराने सवयीप्रमाणे मोठी ढपली उखडली आणि चेंडू गेला त्या दिशेने, माझ्यावरून, चढ चढून गेला. जाताना त्याने दोरी ओढली नाही आणि ते बरोबरच होतं, कारण बाई अजून खाली होत्या. त्या खाली बसून ती ढपली बसवत होत्या.

वारा टेकाडावरून माझ्याकडे येत होता. पलीकडची बोलणी मला ऐकू आली. कॅप्टन होता आणि त्याच्याबरोबर बाहेरून आलेला एक पाहुणा.

"घंटा ऐकल्याशिवाय मारत नाहीत ना इथे?" पाहुण्याने विचारलं. "मागे आलो होतो तेव्हा तसं होतं."

"आता नाही. हल्ली कुणी वाजवतच नाही," कॅप्टन म्हणाला. "गेले असतील पुढे. किती वेळ झाला!"

मित्रांनो, माझ्या पोटात लोलक होता. माझा गळाही शाबूत होता. पण मी वाजले असते तरी त्याचा अर्थ 'या' असाच झाला असता. मला एवढंच येतं. 'थांबा' म्हणायला मला गप्पच राहावं लागतं. मी गप्प राहिले, आणि ते कुणी ऐकलं नाही.

बाई ढपली दाबून उठल्या आणि मागे वळल्या. चेंडू त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला.

त्यांच्या किंकाळीने नांगर चढावरून धावत, घसरत खाली आला. कॅप्टन काठी फिरवत टेकाडावर चढला. फटका छान बसला होता, तो खुशीत होता. वरूनच त्याने हाक मारली, "अहो, माझा चेंडू दिसला का?" मग त्याला गवतावर गुडघे टेकलेला नांगर दिसला, आणि नांगराच्या मांडीवर कुणाचं डोकं आहे तेही दिसलं. काठी तिथेच टाकून तो उतरला. "वहिनी, वहिनी," एवढंच तो म्हणत राहिला.

डोळा वाचला नाही.

त्यानंतर कॅप्टनने पद सोडलं. जाण्याआधी त्याने नियमातले ते दोन शब्द स्वतःच्या हाताने खोडले आणि जुना नियम जसाच्या तसा परत लिहिला. मला घासूनपुसून काढलं. नवी दोरी बांधली. आता येणारा जाणारा प्रत्येकजण मला वाजवतो, अगदी दोन-दोनदा. लोक माझं कौतुक करतात. ते ऐकून मला मान खाली घालावीशी वाटते.

बऱ्याच महिन्यांनी बाई परत आल्या. खेळायला नव्हे, नुसत्या फिरायला. दीर बरोबर होता. तो वाळला होता. माझ्याजवळ येऊन तो थांबला.

"वहिनी, एकदा तरी बोला मला. वाटेल ते बोला. हे असं गप्प राहणं नाही सहन होत."

"काय बोलू? तुम्ही नियमाप्रमाणेच खेळलात, भाऊजी."

त्यांचा आवाज चढलाही नाही. तो मात्र जिथे होता तिथेच गवतावर बसला. थोड्या वेळाने त्या त्याच्याशेजारी बसल्या.

"दवाखाना बंद केला, त्याचं मला फार लागलंय. दिसतं मला. पण एका डोळ्याने खोली कळत नाही. सुई कुठवर गेली ते कळत नाही. दुसऱ्याच्या तोंडात हात घालायचा तर अदमासाने नाही ना चालत," त्या म्हणाल्या.

अंगावर ऊन येईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली आणि मग उठून गेली. त्यांनी त्याला माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. पण त्यानंतर दोघं पुन्हा रविवारी येऊ लागली.

काल त्या खेळल्या. चेंडू हुकला, पुन्हा हुकला, मग जरासा उडाला. नांगर म्हणाला, "आता तुम्ही जमीन उकरा, मी बुजवतो," आणि खरोखरच बुजवत राहिला. खळगा संपल्यावर त्या माझ्यासमोर आल्या. त्यांनी दोरीसाठी हात पुढे केला. हात दोरीच्या अलीकडेच मिटला, रिकामा. त्यांनी पुन्हा केला, तो पलीकडे गेला. दिराने पुढे होऊन दोरी धरली आणि त्यांच्या हातात द्यायला लागला.

"सोडा," त्या म्हणाल्या. "मला सापडेल."

त्याने दोरी सोडली. टेकाडापलीकडे माणसं उभी होती, पण तिकडून एक शब्द आला नाही. बाईंचा हात हवेत चाचपडत होता. मग तो दोरीला लागला, त्यांनी मूठ आवळली आणि ओढली.

मित्रांनो, मी आजवर किती वेळा वाजले, मला सांगता येणार नाही. पण कालच्यासारखी मी कधीच वाजले नव्हते, आणि इतकं उशिरा वाजल्याचं दुःखही मला कधी झालं नव्हतं. कुणाचा तरी डोळा गेल्यावरच नियम पाळायचे, असं तुम्ही करू नका. कुठे तुमच्या हातात दोरी आली आणि तुमचं स्वतःचं काम झालेलं असलं, तरी ती ओढा. मागे कुणीतरी तुमच्या भरवशावर उभं असतं.

आणि कधी माझ्या मैदानावर आलात आणि मी वाजत नसले, तर थांबा.